आई, समुद्र आणि पाच तारे

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलेय. मॉरिशसहून आल्यापासून आत्या, दोन्ही मावश्या, वहिनी आणि इथली नेहमीची वाचणारी मंडळी, सगळ्यांचे तेच दोन प्रश्न : खर्च किती आला आणि आईला झेपलं का? पहिल्याचं उत्तर दादाला विचारा, कारण पैसे निम्म्याहून जास्त त्याचे. दुसऱ्याचं उत्तर असं की आईला झेपलं, मलाच जरा जड गेलं. ते कसं, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

झालं असं की आईची पंचाहत्तरी आली. आम्हा भावंडांत काशी, चारधाम, गेला बाजार शांत करून जेवण, अशी चर्चा चालू होती. आईला विचारलं तर म्हणाली, "देव घरात आहेत. मला समुद्रावर न्या. पण आपल्याकडचा नको, तो मी पाहिलाय." दादा अमेरिकेत असल्यामुळे त्याला समुद्र म्हटलं की रिसॉर्टच आठवतं. त्याने मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, वोलमार नावाच्या भागातलं एक पंचतारांकित हॉटेल परस्पर ठरवून टाकलं. सहा रात्री. मी म्हटलं, अरे, तिथे साधी गेस्ट हाऊसं असतात, स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने मिळतात. तर म्हणाला, "आई तिथे जाऊन वरण-भात लावत बसेल. तिला सहा दिवस काही करू द्यायचं नाही, एवढंच बघ." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. (हॉटेलचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे वाचाल तेव्हा कळेल.)

मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा-सात तास. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, फुकट. घड्याळ दीड तास मागे. गेलो नोव्हेंबरात, तेव्हा तिकडे उन्हाळा सुरू होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर पेटलेला! दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले आणि डोळ्यांसमोर मे महिना, हे आईला काही केल्या पटेना. "यांचं पंचांग उलटं आहे" असा निकाल तिने विमानतळ ते हॉटेल या तासाभरात दिला. गुलमोहर मुळात शेजारच्याच मादागास्करचा, म्हणजे उलटं असलंच तर आपलं आहे, पण ते मी तिला सांगितलं नाही.

बेट काही मोठं नाही, मुंबई शहर-उपनगरांच्या साधारण तिप्पट. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास, आणि करोनाच्या आधी दर वर्षी तेरा-चौदा लाख पाहुणे यायचे, आता पुन्हा तितकेच येऊ लागलेत. म्हणजे घरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला एक पाहुणा. बेटाभोवती बऱ्याच ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा दूर तिथेच फुटतात आणि आत उथळ, शांत, निळ्या-हिरव्या पाण्याचा पट्टा उरतो. त्या पट्ट्यावरच तिथल्या साऱ्या हॉटेलांचा जीव आहे. आई पहिल्यांदा गच्चीत उभी राहिली आणि म्हणाली, "हा समुद्र आहे की तळं? लाटाच नाहीत." मग लांबवर भिंतीवर फुटणाऱ्या पाण्याची पांढरी रेघ दाखवली आणि तिचा तो सततचा, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखा आवाज ऐकवला, तेव्हा तिचं समाधान झालं.

आईचं माहेर दापोलीकडचं, अगदी किनाऱ्यावरचं गाव. आम्ही शहरात वाढलेले लोक बीच म्हणतो, ती पुळण म्हणते. तिच्या लहानपणी पुळणीवर बसायला म्हणून कोणी जात नसे. तिसऱ्या काढायला जात, गणपती पोचवायला जात, नाहीतर होडी आली का बघायला. समुद्राकडे तोंड करून नुसतं बसायचं असतं, हे तिला लग्न होऊन मुंबईला आल्यावर, चौपाटीवर कळलं. तेही वर्षातून दोनदा. पुढे डोंबिवलीच्या दोन खोल्या, आम्ही तिघं, बाबांची गिरणी बंद पडल्यावर तिची शिलाई. हे घरातल्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी लिहिलं.

आता खरं सांगते. मला वाटलं होतं आई तिथे अवघडेल. एवढं मोठं हॉटेल, इकडे सुरी-काटे, तिकडे पोहण्याच्या कपड्यातली गोरी माणसं. "चल बाई घरी" म्हणेल दोन दिवसांत. कसलं काय! बाईंनी पहिल्या सकाळी चहा आणून देणाऱ्या मुलाला खुणेने आलं घालायला शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून तो विचारायला लागला, "मामां, जिंजर?" गवती छपराच्या छत्रीखाली आरामखुर्चीत पाय वर करून, नऊवारी नव्हे पण आपल्या नेहमीच्या पाचवारी सुती पातळात, डोक्यावर हॉटेलने दिलेली गवती टोपी. कोणीतरी थंड टॉवेल आणून देतंय, कोणी अननसाच्या फोडी. आणि आई ते सगळं असं घेत होती की जणू जन्मभर हेच करत आलीय.

अवघडले होते मी. फोडी आणून देणारा माणूस दिसायला आमच्या शेजारच्या काकांसारखा. टॉवेल देणारी मुलगी माझ्या भाचीसारखी. युरोपातल्या कुठल्या समुद्रावर गोऱ्या वेटरने आणून दिलं असतं तर इतकं टोचलं नसतं बहुधा, हेही मनात आलं आणि ते आणखी टोचलं. मी प्रत्येकाला दोन-दोनदा थँक्यू म्हणत होते, स्वतःची बशी स्वतः उचलत होते. तिसऱ्या दिवशी आईने बघून घेतलं आणि म्हणाली, "तू काय चोरी केल्यासारखी बसतेस? मला साठ वर्षांत कोणी हातात चहा दिला नाही. तुला लाज वाटते म्हणून मी तो घ्यायचा नाही का?"

मी म्हटलं, तसं नाही गं.

"तसंच आहे. तो त्याचं काम करतोय, नीट करतोय. तू त्याच्याकडे बघतच नाहीस, सारखी आपल्या लाजेकडे बघतेस. नाव विचार त्याला."

असो. मी विचारलं नाव. पुढचं सांगते.

आई पहाटे पाचला उठते, तिथेही उठायची. पहिल्या दिवशी गच्चीतून तिने पाहिलं की दोन माणसं दाताळं घेऊन वाळू विंचरतायत. रात्रीत आलेलं शेवाळ, प्रवाळाचे तुकडे, सुरूच्या काड्या गोळा करून, पावलांचे ठसे पुसून टाकतायत. सात वाजता पाहुणे खाली उतरले की वाळू अशी कोरी, जणू त्यांच्याआधी तिथे कोणी आलंच नाही. "अंगण झाडावं तसा समुद्र झाडतात," आई म्हणाली. मग तिनेही सवयीने आपली अंथरुणं आवरली, चादरीची घट्ट घडी घातली, उशा रचून ठेवल्या.

नऊ वाजता खोली आवरायला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सावळ्या, कपाळाला बारीक टिकली. त्यांनी ती घडी बघितली, हसल्या, आणि ती मोडून पुन्हा आपल्या पद्धतीने घातली. वर टॉवेलचा तो हंस. आईला हे लागलं. मला मराठीत म्हणाली, "माझी घडी काय वाईट होती?" आणि त्या बाई वळून म्हणाल्या, "वाईट नाय आजी. पन सुपरवायजर बगते. तुमी घातली तर तिला वाटेल मी आलेच नाय."

आम्ही दोघी बघतच राहिलो.

मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे ऐकून होते. वाचलंही होतं. पण आपल्या खोलीत उभ्या राहून, आपल्याच चादरीची घडी घालत, कोकणातल्या बोलीत, मध्येच हिंदी आणि क्रिओल शब्द पेरत कोणी बोलायला लागलं की वेगळंच होतं. त्यांचे खापरपणजोबा की त्याच्याही आधीचे कोणी, रत्नागिरीकडून आलेले. गाव कोणतं ते घरात कोणाला ठाऊक नाही. घरी क्रिओल बोलतात, मराठी लहानपणी गावच्या संध्याकाळच्या शाळेत आणि आजीकडून. राहतात हॉटेलपासून आत, उसाच्या शेतांपलीकडे, कास्कावेलच्या बाजूला. आईने त्यांना बाई म्हणणं लगेच सोडलं आणि अगं-तुगं सुरू केलं. त्या तिला आजी म्हणायच्या, मला ताई. मी इथे त्यांना वहिनी म्हणते, कारण मग तसंच ठरलं.

थोडा इतिहास लिहिते, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा :-) हे बेट आधी डचांनी घेतलं आणि सोडलं, मग फ्रेंचांचं झालं, १८१०मध्ये ब्रिटिशांचं. ऊस लावला तो आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या हातांनी. १८३५मध्ये तिथे गुलामगिरी संपली, पण मळेवाल्यांनी त्याच्या आदल्याच वर्षापासून, १८३४पासून, हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही मुंबई बंदरातून. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासची पुष्कळ. पोर्ट लुईला ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसं बेटावर आली, त्या अजून आहेत. अप्रवासी घाट म्हणतात, २००६पासून तो जागतिक वारसा आहे. मराठी माणसं तिथे संख्येने थोडी, पण गणेश चतुर्थीची साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीपुढे झाकरी नाचतात. आपल्या कोकणातली जाखडीच ती. आईने हे ऐकलं आणि वहिनींना बाल्या नाचाचे दोन ठेके खुर्चीतच टाळ्या वाजवून दाखवले. वहिनींनी तिसरा पुरा केला. मी रडले नाही असं म्हणत नाही.

तर ज्या उसासाठी ही माणसं आली, त्या उसाची कहाणीही बदलली. युरोपात मॉरिशसच्या साखरेला वर्षानुवर्षं ठरलेला चढा भाव मिळायचा. २००६पासून तो कापत नेला आणि २००९मध्ये ती जुनी व्यवस्थाच संपली. साखरवाल्या मोठ्या कंपन्यांकडे जमिनी होत्या, त्यातल्या काही किनाऱ्याच्या जवळ. तिथे हॉटेलं, गोल्फची मैदानं, परदेशी लोकांना विकत घेता येतील असे बंगले उभे राहिले. बंगल्यांसाठी खास सरकारी योजना २००२ सालापासूनच होती. वहिनींच्या आजीने ऊस तोडला, आईने ऊस तोडला आणि मग एका हॉटेलच्या धोबीखान्यात काम केलं, आणि त्या स्वतः एकविसाव्या वर्षापासून हॉटेलात. "ऊस हात कापते. चादर नाय कापत," एवढंच त्या यावर म्हणाल्या.

आईने अर्थातच विचारलं, पगार किती. (आपल्याकडच्या बायका हे विचारतातच, आणि तिकडच्या सांगतातही.) बरा होता. तिथे २०१८मध्ये पहिल्यांदा देशभरासाठी किमान वेतन ठरवलं आणि नंतर वाढवत नेलं, त्याचा फायदा झाला म्हणाल्या. आई म्हणाली, "मग बरं आहे की. आपल्याकडच्या हॉटेलातल्या पोरांना याच्या निम्मे मिळत नाहीत." रात्री मी पडल्या पडल्या हिशेब केला. त्यांचा महिन्याचा पगार आमच्या खोलीच्या दोन रात्रींनाही पुरला नसता. आईला सांगितलं नाही. तिला तो हिशेब करायचा असता तर तिनेच केला असता, शिलाईचे पैसे आणि गिऱ्हाइकाच्या साड्यांच्या किमती ती आयुष्यभर शेजारी शेजारी बघत आलीय.

वहिनींची तक्रार पगाराची नव्हतीच. ती कशाची होती ते कळायला मला दोन दिवस लागले.

त्या म्हणाल्या, लहानपणी आम्ही इथेच यायचो. इथेच म्हणजे अगदी इथेच, या छत्र्या आहेत तिथे. तेव्हा ही सुरूची झाडं होती फक्त. वर्षअखेरीला अख्खं कुटुंब ट्रकमधून यायचं, ताडपत्री बांधायचं आणि दोन-तीन दिवस मुक्काम. ("सुरू?" आई चमकली. तिच्या गावीही पुळणीवर सुरूचं बन आहे. तिथे त्याला फिलाव म्हणतात.) मग हॉटेल आलं. त्यांची गंमत अशी की त्यांना हॉटेल आल्याचा राग नव्हता, नोकरी त्यानेच दिली. पण आता त्या रविवारी नातवंडांना घेऊन पुळणीवरून चालत आल्या तर त्यांना कोणीतरी विचारतं, कुठे जायचंय?

वास्तविक तिथला कायदा असा आहे की भरतीची जी सगळ्यात वरची रेषा, तिच्या समुद्राकडची पुळण सगळ्यांची. कोणाही हॉटेलला ती आपली म्हणता येत नाही. त्या रेषेपासून आत साधारण ८१ मीटरची पट्टी सरकारची. फ्रेंचांच्या काळात किनाऱ्याच्या संरक्षणासाठी 'पन्नास पावलं' जमीन राखून ठेवली होती, तीच ही. सरकार ती विकू शकत नाही, भाडेपट्ट्याने देतं, आणि हॉटेलांना साठ-साठ वर्षांचे पट्टे मिळतात. कागदावर फार सुंदर वाटतं. मीही ऐकून खूश झाले, म्हटलं आपल्याकडेही असंच हवं. पण मग आईनेच विचारलं, "भरतीची रेषा कुठाय?"

आणि ती बघायला गेलं तर काय! आपल्या कोकणात ओहोटी लागली की पुळण मैदानासारखी उघडी पडते, पोरं क्रिकेट खेळतात, बैलगाड्या पळवतात. भरती-ओहोटीतला फरकच दोन-तीन मीटरचा. मॉरिशसला समुद्र जेमतेम अर्धा मीटर वर-खाली होतो. म्हणजे कायद्याने सगळ्यांची असलेली जागा ही ओल्या वाळूची एक चिंचोळी पट्टी, अंथरलेल्या चादरीएवढी. तिच्या वर कोरडी, विंचरलेली, छत्र्यांची वाळू. जाऊ सगळे शकतात, बसायचं मात्र पाण्यात. शिवाय किनारा झिजतोय. घरं आणि हॉटेलं बांधायला लागणारी वाळू वर्षानुवर्षं त्या शांत पाण्यातूनच काढली, ती २००१मध्ये बंद केली. समुद्राची पातळी वाढतेय, प्रवाळ पांढरं पडतंय, ती भिंत कमजोर झाली की लाटा आत येणार. रेषा हळूहळू आत सरकते आणि हॉटेलं तिथे दगड रचतात. मग ओली पट्टीही उरत नाही.

रविवारी वहिनींची सुट्टी. वोलमारच्या हॉटेलांच्या रांगेच्या उत्तरेला फ्लिक-आं-फ्लाकची मोठी सार्वजनिक पुळण आहे, तिथे त्या सगळ्या घरच्यांना घेऊन येणार होत्या. आईला म्हणाल्या होत्या, मी भेटायला येईन चालत. अकराच्या सुमारास आल्या, सून आणि दोन नातवंडं बरोबर. गणवेशाशिवाय आईने त्यांना पटकन ओळखलंच नाही. फुलाफुलांचा झगा, हातात डबा. आई छत्रीखालून ओरडली, "ये ये, बस!" पोरं धावत येऊन आईच्या खुर्चीपाशी वाळूत बसलीसुद्धा. वहिनी ओल्या वाळूतच उभ्या.

मिनिटाभरात हॉटेलचा रखवालदार आला. वाईट बोलला नाही, उगीच सांगायचं नाही. वहिनींशी क्रिओलमध्ये हळू आवाजात बोलला. नंतर कळलं की तो त्यांच्याच गावचा, मुलाबरोबर शाळेत होता. म्हणत होता की मावशी, तुम्ही कामाच्या माणूस, तुम्हाला माहितीय, पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी बाहेरचे नकोत, कॅमेरा आहे. वहिनींनी शांतपणे सांगितलं, "लाप्लाज पु तू दिमून." पुळण सगळ्यांची आहे. तो म्हणाला, खाली आहे सगळ्यांची, इथे वर नाही. कायद्याने त्याचंही बरोबरच होतं. मी उठून इंग्रजीत तावातावाने बोलायला लागले की या आमच्या पाहुण्या आहेत, मॅनेजरला बोलवा. वहिनींनी माझा हात दाबला. मॅनेजर आला तर माझं काही जाणार नव्हतं.

आईला कशाचा काही पत्ता नाही असं मला वाटलं होतं. तिने त्या पोराकडे बघून विचारलं, "रेषा कुठाय तुझी?" वहिनींनी भाषांतर केलं. त्याने बोटाने दाखवली, वाळलेल्या शेवाळाची एक काळी ओळ, दहा-बारा पावलांवर. आई म्हणाली, "मग माझी खुर्ची तिकडे ने. मला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही."

तो आधी गोंधळला. हॉटेलची खुर्ची रेषेच्या पलीकडे न्यायची की नाही, याबद्दल त्याला बहुधा कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने एकदा हॉटेलकडे पाहिलं, मग ती भलीमोठी लाकडी आरामखुर्ची उचलली आणि शेवाळाच्या ओळीच्या दोन हात पलीकडे, ओल्या वाळूत नेऊन ठेवली. आईला हाताला धरून तिच्यावर बसवलं. खुर्चीचे पाय चार बोटं रुतले. पाणी येऊन आईच्या पावलांना लागत होतं, पातळाचा काठ भिजला, पोरं खिदळत होती. वहिनींनी डबा उघडला : गातो-पिमां, म्हणजे आपले डाळवडेच, हिरवी मिरची घातलेले, आणि पावात घालून खायचे. रखवालदाराला आईने दोन दिले. त्याने ते पाठमोरा होऊन खाल्ले, कॅमेरा त्या बाजूला होता म्हणून.

दुपारी आम्ही टॅक्सीने त्यांच्या सार्वजनिक पुळणीवर गेलो. तिथलं काय वर्णन करू! सुरूच्या सावलीत कुटुंबंच्या कुटुंबं, बिर्याणीची पातेली, अननसाला मीठ-मिरची-चिंच लावून विकणारे, गाडीवर गरम डाळपुरी. एका टोळक्याने काटक्यांची छोटी जाळ करून त्यावर रावान नावाचा चपटा डफ शेकला, कातडं ताणून यावं म्हणून, आणि सेगा सुरू केला. हे गुलामांनी उभं केलेलं गाणं-नाच, आज साऱ्या बेटाचं. आमच्या हॉटेलातही शनिवारी रात्री सेगा असायचा, घागऱ्यावाल्या मुली आणि जेवणाच्या टेबलांमध्ये जागा करून. तिथे डफ शेकत नव्हते. दक्षिणेला ल मॉर्नचा डोंगर दिसत होता. पळून गेलेले गुलाम त्याच्यावर लपायचे, २००८पासून तोही जागतिक वारसा आहे, आणि त्याच्या पायथ्याशीही बेटावरची महागडी हॉटेलं आहेत.

वहिनींचा मुलगा जरा तिखट निघाला. म्हणाला, दक्षिणेला पाँपोनेत नावाची सार्वजनिक पुळण हॉटेलसाठी द्यायला काढली होती, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. 'आरे कोकें नु लाप्लाज', आमची पुळण चोरणं थांबवा, या नावाची चळवळच आहे. आणि २०२०मध्ये वाकाशियो जहाज प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये त्याचं तेल समुद्रात पसरलं, सुमारे हजार टन, तेव्हा तोही गेला होता. हजारो माणसांनी उसाची पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. "तेव्हा कोणी विचारलं नाही कुठे जायचंय म्हणून," तो म्हणाला. आईने पाचट कशी भरली, टाके कोणते घातले, हे खोदून खोदून विचारलं. शिलाईवालीच ती!

त्याच वर्षी करोनामुळे बेट बंद होतं, पाहुणे नाहीत. हॉटेलांनी मग आपल्याच देशातल्या लोकांना स्वस्तात खोल्या द्यायला सुरुवात केली. वहिनींनीही नवऱ्याबरोबर एक रात्र घेतली होती, आपल्याच हॉटेलात, आपणच रोज आवरतो तशा खोलीत. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, छान वाटलं. चहा आणून दिला मैत्रिणीने. मग हसत सुटल्या. "सकाळी उटून मीच चादर घातली. ती आली तर तिला काय कामच नाय!"

मला त्या हॉटेलांचा राग आला का? आला, पण पूर्ण नाही. सहा दिवसांत आईच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते डोंबिवलीत कधी दिसलं नव्हतं, आणि ते त्या विंचरलेल्या वाळूनेच दिलं. वहिनींच्या मुलाचं शिक्षण त्याच वाळूने केलं. मला खटकतं ते एवढंच की आपण पैसे मोजतो त्यातला मोठा भाग समुद्रासाठी नसतो, समुद्रावर दुसरं कोणी दिसू नये यासाठी असतो. आणि जे दिसू नयेत ते तिथेच, आतल्या बाजूला, आपल्या चादरी घालत असतात. दादाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीचा असा विचार करत बसलीस तर कुठे जायलाच नको." असेलही. आत्या, तू काय म्हणतेस ते सांग.

निघताना आईने वहिनींना आपली एक शिवलेली गोधडी द्यायची ठरवली होती, पण ती डोंबिवलीत. मग पत्ता घेतला. गोधडी पोस्टाने पोचायला सात आठवडे लागले आणि आता त्या दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल करतात, पुळणीवरूनच. आईचा पहिला प्रश्न, पाणी कुठवर आलंय.

दादाने पुढच्या वर्षासाठी मालदीव काढलंय. तिथे १९७२पासूनची रीतच अशी की एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि बेट मुळात निर्मनुष्य. गाववस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी घरं उघडायला २००९नंतर परवानगी मिळाली. मी आईला दोन्ही प्रकार समजावून सांगितले, फोटो दाखवले, पाण्यावर बांधलेल्या त्या झोपड्यांचेसुद्धा. तिने चष्मा लावून नीट बघितले. म्हणाली, "छान आहे. पण इथे गप्पा कोणाशी मारायच्या, ते दादाला विचार."